दबलेली अक्षरं

कमलबाई गावंडे यांचं सहस्रचंद्रदर्शन दसऱ्यानंतर करायचं ठरलं, तेव्हा त्यांच्या मुलीला, ज्योत्स्नाला, आईसाठी घराण्याचं एक पुस्तक करावंसं वाटलं. फोटो फारसे नव्हते. आजोबांच्या काळातलं म्हणावं असं घरात एकच काही उरलं होतं, ते म्हणजे तारेत ओवलेली पोस्टकार्डं. आकड्यासारखी वाकवलेली जाड तार, खाली लाकडी चकती, आणि त्यात मधोमध भोक पडलेली शे-दीडशे कार्डं. कमलबाईंचे वडील नारायण उमाळे सातपुड्याच्या पायथ्याशी सावरटेकच्या कुष्ठधामात कंपाउंडर होते. खामगावहून त्यांचे थोरले भाऊ आबाजी त्यांना कार्डं लिहीत, ती ही कार्डं. आबाजींना पिकापाण्यापलीकडे काही सुचत नसे. कापूस बरा आहे, बैल आजारी आहे, द्वारकाबाईस नमस्कार, चि. कमलला आशीर्वाद.

ज्योत्स्ना अमरावतीत चष्म्याचं दुकान चालवायची. लग्न केलं नव्हतं, आईजवळ राहायची. तिच्या दुकानात येणाऱ्या एका गिऱ्हाइकानं तिला नागपूरच्या कागदशाळेबद्दल सांगितलं. तिथं जुन्या कार्डांवरचं, न दिसणारं लिखाणही वाचून देतात म्हणे.

ते खरं होतं. २०३६ साली ही गोष्ट आता नवलाची राहिली नव्हती. कागदशाळेतल्या निखत शेख या बाईंनी ज्योत्स्नाला पहिल्या भेटीत सगळं समजावून सांगितलं. कागद म्हणजे तंतूंची गादी. तिच्यावर दुसरा कागद ठेवून लिहिलं की खालचे तंतू दबतात. हवेतल्या ओलाव्यानं ते हळूहळू वर येतात, पण पूर्ण कधीच येत नाहीत. जो खळगा राहतो तो डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागत नाही. यंत्र कार्डाला जवळजवळ समांतर असा प्रकाश टाकतं आणि प्रत्येक तंतूची उंची मोजतं. मग उरतं ते गुंता सोडवायचं काम. दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथं नंतरची रेघ आधीचीला मोडते, त्यावरून आधी कुठली आणि नंतर कुठली हे ठरतं. तंतू लेखणीच्या दिशेला झुकतात, त्यावरून रेघ कुठून कुठं ओढली ते कळतं. प्रत्येक हाताचा दाब वेगळा, कल वेगळा, म्हणून एकाच कार्डावर चार माणसांचं लिखाण एकावर एक पडलेलं असलं तरी ते वेगवेगळं काढता येतं.

"त्या काळी लिहायला कुणाकडे पॅड नसायचं," निखत म्हणाल्या. "आलेलं कार्ड मांडीवर घ्यायचं आणि त्यावर नवं कार्ड ठेवून उत्तर लिहायचं. म्हणजे तुमच्याकडे कार्डं आहेत तुमच्या मोठ्या आजोबांची, पण त्यांच्यावर दबलेलं आहे ते तुमच्या आजोबांचं. जे पोस्टात पडलं आणि तुमच्या घरात कधीच राहिलं नाही, ते."

ज्योत्स्नाला हे फारच आवडलं. निखतनी मग दुसरी बाजूही सांगितली. एका घराला आजोबांच्या कविता सापडल्या होत्या. दुसऱ्या एका घराला आजोबांचं दुसरं घर सापडलं होतं. भावंडांत बोलणं बंद झालं होतं, काही लोक कोर्टात गेले होते. म्हणून आता घरातल्या सर्वांत मोठ्या हयात माणसाची सही घेतल्याशिवाय कागदशाळा कार्डाला हात लावत नसे. कमलबाईंनी ती सही हसत हसत केली. त्या डावखोऱ्या होत्या. डाव्या हातानं सही करून त्या म्हणाल्या, की बाबांनी कुणाला शिव्या दिलेल्या निघाल्या तर मला आधी वाचून दाखव.

दोन आठवड्यांनी निखतचा निरोप आला. आजोबांचं लिखाण निघायला वेळ लागेल, ते टाकानं लिहीत आणि टाकाचा दाब हलका असतो. पण दुसरं एक छान निघालं आहे, येऊन बघा.

ज्योत्स्ना नागपूरला गेली. निखतनी पडदा लावला. राखाडी कागदावर एक रेघ उमटू लागली, कुणीतरी आत्ता लिहीत असल्यासारखी. यंत्र खळग्याच्या खोलीवरून लिहिण्याचा वेग काढायचं आणि त्याच वेगानं अक्षरं पुन्हा उमटवून दाखवायचं. हात दिसत नव्हता. रेघ थांबायची, थरथरायची, पुढं जायची. आधी एक वाकडा क निघाला, मग म, मग ल. शेवटी तिन्हींवरून एक मोठी शिरोरेघ डावीकडून उजवीकडे गेली आणि कागद संपला तरी थांबली नाही.

लहान मुलं पेन्सिल जोरात दाबतात, त्यामुळे त्यांचं सर्वांत ठळक निघतं, असं निखत म्हणाल्या. औषधाच्या पुड्या बांधायचे पातळ कागद असावेत, ते कार्डावर ठेवून पोर गिरवत असणार. कार्डांवरच्या शिक्क्यांवरून काळ साधारण कळत होता. एकोणीसशे एकोणसाठच्या सुमारास नुसत्या उभ्या-आडव्या रेघा. मग अक्षरं. मग कमल, बदक, नयन. पुढच्या वर्षी 'कमल नारायण उमाळे' हे पूर्ण नाव, तेही ओळीत. एकसष्टच्या उन्हाळ्यातलं एक वाक्य होतं: बाबा बाजारातून मला रिबीन आणा.

ज्योत्स्नाच्या डोळ्यांत पाणी आलं. पाच वर्षांची आपली आई तिच्यासमोर लिहीत होती.

"आता दुसरीचं बघा," निखत म्हणाल्या.

ज्योत्स्नाला समजलं नाही. निखतनी सहज सांगितलं, की दोन मुलं आहेत ना. पहिलीचं लिखाण एकसष्टच्या पावसाळ्यात थांबतं. त्यानंतर दोन वर्षं कार्डांवर लहान हात नाही. त्रेसष्टमध्ये दुसरं मूल सुरू होतं, पुन्हा उभ्या-आडव्या रेघांपासून. पहिली उजव्या हाताची, दुसरी डाव्या.

पडद्यावर पुन्हा रेघ उमटू लागली. हिची चाल वेगळी होती. दाब जास्त, कल उलटा. क निघाला, म निघाला, ल निघाला. शिरोरेघ उजवीकडून डावीकडे ओढली गेली, कमलबाई आजही ओढत तशी.

"बहिणी असतील," निखत म्हणाल्या. मग त्यांचं स्वतःचंच लक्ष पडद्यावरच्या नावाकडे गेलं. दोन्ही मुलींनी एकच नाव लिहिलं होतं.

घरी परतताना ज्योत्स्नानं पुण्याला भावाला फोन केला. प्रसन्नला आधी ते पटेना. पोरं हात बदलतात, यंत्रं चुकतात, असं तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, की आजोबांचं काही निघालं का. अजून नाही, पण निघेल, असं तिनं सांगितलं. तो म्हणाला, "निघू देऊ नकोस. आहे ते तिथंच थांबव. ऐंशी वर्षांच्या बाईला आता अनाथ करायचं का?"

तो आईवर जीव टाकणारा मुलगा होता आणि त्याचं म्हणणं ज्योत्स्नाला चूकही वाटलं नाही. तिनं कागदशाळेला थांबवलं मात्र नाही. का, ते तिला नीट सांगता आलं नसतं. कुणीतरी मूल दोन वर्षं गिरवत, सुधारत, रिबिनीपर्यंत आलं होतं आणि त्याचं पुढं काय झालं हे जगात एकाही माणसाला माहीत नव्हतं. हे तिच्या मनातून जाईना. दुकानात समोर बसलेल्या माणसाला अक्षरांचा तक्ता वाचायला सांगताना तिला मध्येच ती थांबत थांबत जाणारी रेघ दिसायची.

आजोबांचं लिखाण तुटक निघालं. जिथं दाब कमी पडला तिथं ओळी विरल्या होत्या. तरी दोन कार्डं बरीचशी वाचता आली. दोन्ही आबाजींना लिहिलेली. पहिलं एकसष्टच्या श्रावणातलं:

'कमल गेली. घटसर्प. औषध माझ्याच हातात असून उपयोग झाला नाही. इथंच ठेवली. द्वारका बोलत नाही.'

दुसरं त्याच वर्षीच्या थंडीतलं:

'पोर आणली. अडीच वर्षांची असेल. अंग स्वच्छ आहे, डॉक्टरांनी तपासून दिली. हिची माय इथंच आहे, धामात, तिला घेता येत नाही. लांबून पाहू द्यायचं असं कबूल केलं आहे. द्वारका तिला कमलच म्हणते, दुसरं नाव घेत नाही. म्हणून तेच ठेवलं. तुम्हीही कार्डात तसंच लिहावं. कमलच्या जन्माचा दाखला आहेच, तो चालेल.'

ज्योत्स्नानं हा मजकूर उतरवलेला कागद अमरावतीला आणला आणि घरी न नेता दुकानाच्या खणात ठेवून दिला. त्या काळी कुष्ठरोग्यांची निरोगी मुलं आईबापांपासून वेगळी काढत, हे तिनं वाचलेलं होतं. महारोग्याची पोर म्हटल्यावर तिला कुणी शाळेत बसू दिलं नसतं, पाणी दिलं नसतं. आजोबांनी तिला एका मेलेल्या मुलीचा जन्म देऊन टाकला. तो दाखला शाळेत गेला, अकोल्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला लागला, लग्नाच्या पत्रिकेत आला, निवृत्त झाला. खरी कमल कागदोपत्री कधी मेलीच नाही.

कमलबाईंना मात्र आपलं बालपणीचं अक्षर बघायचं होतं. त्या रोज विचारायच्या. शेवटी ज्योत्स्नानं ठरवलं, की फक्त पहिल्या मुलीचं दाखवायचं आणि विषय मिटवायचा. एका दुपारी तिनं भिंतीवरच्या पडद्यावर ते लावलं. क आला, म आला, ल आला. कमलबाई चष्मा वर करून बघत होत्या. शिरोरेघ डावीकडून उजवीकडे गेली.

त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. मग तिसऱ्यांदा. मग टेबलावरचं वर्तमानपत्र ओढून घेतलं, डाव्या हातात पेन्सिल धरली आणि समासात आपलं नाव लिहिलं. शिरोरेघ उजवीकडून डावीकडे ओढली.

"ही मी नाही," त्या म्हणाल्या.

ज्योत्स्नानं काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, की लहानपणी सवय वेगळी असेल. कमलबाईंनी हात वर करून तिला थांबवलं. त्यांच्या चेहऱ्यावर धक्का नव्हता. पुष्कळ वर्षं शेजारच्या खोलीत कुणाचा तरी आवाज यावा आणि आज दार उघडावं, तसं काहीतरी होतं.

"कोण आहे ती?" त्यांनी विचारलं.

ज्योत्स्ना दुकानात जाऊन तो कागद घेऊन आली. कमलबाईंनी तो स्वतः वाचला. वाचताना ओळीखाली बोट फिरवायची त्यांना सवय होती. 'हिची माय इथंच आहे' या शब्दांवर बोट थांबलं ते हललंच नाही. त्या रडल्या नाहीत. थोड्या वेळानं त्या बोलू लागल्या, आणि ज्योत्स्नानं पन्नास वर्षांत कधी न ऐकलेल्या गोष्टी त्या दिवशी ऐकल्या.

घरात एक लाल परकर होता. द्वारकाबाई तो पेटीतून काढायच्या, कमलबाईंच्या कमरेला लावून बघायच्या. तुझाच आहे, तू घालायचीस, म्हणायच्या. पण तो मोठा व्हायचा. आपलाच जुना परकर आपल्याला मोठा कसा, हे त्या वयात त्यांना कळायचं नाही आणि विचारायची भीती वाटायची. तुला गूळ आवडायचा, आता का नाही आवडत. तू झोपताना गाणं म्हणायचीस, म्हण ना. डाव्या हातानं लिहायला लागल्यावर द्वारकाबाई पाठ फिरवून बसायच्या. शाळेत सरळ दुसरीत घातलं. दाखल्यावर वर्गात सगळ्यांत मोठ्या, चणीनं सगळ्यांत लहान.

"मला वाटायचं, मी आधी चांगली होते," कमलबाई म्हणाल्या. "मग कधीतरी बिघडले. आणि आई त्या आधीच्या माझी वाट बघत बसली आहे. मी पुष्कळ केलं गं तिच्यासाठी. शेवटची आजारपणं काढली. पण मी दारातून आत आले की ती माझ्या मागं बघायची, आणखी कुणी येतंय का म्हणून."

ज्योत्स्नानं त्यांचा हात धरला. पण कमलबाई अजून त्याच ओळीपाशी होत्या. 'लांबून पाहू द्यायचं असं कबूल केलं आहे.'

"माझी वेणी बाबा घालायचे," त्या म्हणाल्या. "रोज संध्याकाळी, बाहेर ओट्यावर, कुंपणाकडे तोंड करून. आई घरात असताना बाबा का घालतात, असं बायका हसायच्या. त्यांना नीट घालताही यायची नाही. घालायची, सोडायची, पुन्हा घालायची. मी कंटाळायची. ते म्हणायचे, जरा थांब, अजून थोडा वेळ."

त्यानंतर त्या आत जाऊन पडल्या. संध्याकाळी उठल्या तेव्हा त्यांनी प्रसन्नला स्वतः फोन लावला आणि सोहळा करायचा नाही म्हणून सांगितलं. ज्या वयाचा करणार ते वय माझं नाही, मी तीन वर्षांनी लहान आहे, असं त्या इतक्या शांतपणे म्हणाल्या, की तो हसलाच आधी. मग त्यानं ज्योत्स्नाला फोनवर घेतलं आणि पुष्कळ बोलला. तिनं ऐकून घेतलं. पुढं काही महिने तो तिच्याशी कामापुरतंच बोलत होता.

घरात वेगळेच दिवस सुरू झाले. कमलबाईंना हाक मारली की त्या लगेच ओ देईनात. मुद्दाम नव्हे, हाक कुणाला आहे याचा त्यांना क्षणभर विचार करावा लागे. एकदा ज्योत्स्ना दुकानातून आली तर पडदा चालू होता आणि त्या समोर बसून त्या पोरीला लिहिताना बघत होत्या. रिबिनीचं वाक्य. ते संपलं की पुन्हा पहिल्यापासून. ज्योत्स्ना बंद करायला गेली तर म्हणाल्या, असू दे, ती लिहितेय. ज्योत्स्नानं पडदा तसाच चालू ठेवला. आईनं ताटं दोन ऐवजी तीन वाढली असती तरी तिला त्या वेळी आश्चर्य वाटलं नसतं.

मध्यंतरी निखतकडून आणखी थोडं आलं. आजोबांची बदली चौसष्टमध्ये दर्यापूरला झाली होती. त्यानंतर आबाजींच्या कार्डांवर दरवर्षी, परीक्षेच्या निकालाच्या सुमारास, एका छोट्या कार्डाचा दाब सापडत होता. पत्ता सावरटेकचा. मजकूर दोन ओळींचा. 'रखमास वाचून दाखवणे. मुलगी चौथीत गेली. तब्येत चांगली आहे.' पुढच्या वर्षी पाचवीत. पुढच्या वर्षी सहावीत, गोवर येऊन गेला, आता बरी. आबाजी वारले आणि कार्डं यायची थांबली तिथं हा मागही संपला.

रखमा. कमलबाईंनी ते नाव दोनतीनदा उच्चारून बघितलं.

"जाऊ या," त्या म्हणाल्या.

सावरटेकला आता धाम असं राहिलं नव्हतं. रोग औषधानं बरा होऊ लागल्याला पिढ्या लोटल्या होत्या. एक सरकारी दवाखाना होता, संत्र्याच्या बागा होत्या, आणि जुन्या चाळीतल्या चार खोल्यांत, जायला दुसरीकडे कुठंच नव्हतं अशी काही म्हातारी माणसं. दवाखान्यातल्या नर्सनं त्यांना चंद्रभागाबाईंकडे नेलं. बाई नव्वदीच्या होत्या. पोरवयात इथं आल्या त्या बऱ्या होऊनही परत गेल्या नव्हत्या. दोन्ही पायांना पट्ट्या, कान शाबूत, जीभ त्याहून.

ज्योत्स्नानं सांगितलं, की आम्ही उमाळे कंपाउंडरच्या घरचे. चंद्रभागाबाईंनी ज्योत्स्नाकडे पाहिलंच नाही. त्या कमलबाईंकडे बघत राहिल्या. कमलबाई खाटेच्या कडेला एक पाय दुमडून बसल्या होत्या.

"रखमी अशीच बसे," त्या म्हणाल्या. "तू थे होय."

कमलबाईंनी होकारार्थी मान हलवली.

मग चंद्रभागाबाईंनी सांगितलं. रखमा इथं आली तेव्हा तिला दिवस गेलेले होते. नवऱ्यानं गाडीतून उतरवून दिलं आणि गाडी वळवली. पोर झाली ती डॉक्टरांनी वेगळ्या खोलीत ठेवली, दाई सांभाळायची. कंपाउंडरनं मागितली तेव्हा रखमानं एका दिवसात हो म्हटलं. बाकीच्या बायका तिला बोलल्या. ती म्हणाली, इथं राहिली तर महारोग्याची, तिथं गेली तर कंपाउंडरची. रोज संध्याकाळी ती कुंपणाशी जाऊन उभी राहायची. कंपाउंडर वेणी घालायचा, ही बघायची. डाव्या हाताची बोटं तिची आधी झडली, सगळं त्याच हातानं करायची म्हणून. मग उजव्याची. दर्यापूरहून कार्ड आलं की चंद्रभागाबाई तिला वाचून दाखवायच्या, कारण त्या चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या. एकच कार्ड दहादा वाचायला लावायची. ती गेली तेव्हा सगळी कार्डं तिच्यासोबत मातीत दिली.

"कधी गेली?" कमलबाईंनी विचारलं.

चंद्रभागाबाईंनी साल आठवून सांगितलं. कमलबाईंनी मनातल्या मनात हिशेब केला असावा. त्या साली त्या अकोल्याला एक्स्चेंजमध्ये होत्या, कानाला हेडफोन लावून, दिवसभर लोकांना एकमेकांशी जोडून देत. सावरटेक तिथून एसटीनं काही तासांवर होतं. त्यांनी पदराचं टोक मुठीत धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

मग त्यांनी ज्यासाठी त्या आल्या होत्या ते विचारलं. तिनं माझं नाव काय ठेवलं होतं?

"मले नाई सांगतलं," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "कोनालेच नाई सांगतलं. म्या लई खेपा इचारलं. थे म्हने, नाव तोंडात आलं त एखाद्या दिवशी कुंपनावरून हाक जाईन. पोरगी वयून पाहीन. अन् तिनं पाह्यलं त मंग म्या काय करू."

बाहेर बागेत पाण्याचा पंप चालू होता. ज्योत्स्नाला वाटलं, आता आई उठेल, आता घरी जाऊ. पण चंद्रभागाबाईंनीच काठी मागितली.

"चाल," त्या म्हणाल्या, "तुले दुसरीले दाखवतो."

जुन्या दवाखान्याच्या मागं चढ होता. त्या दोघींना धरून नेताना ज्योत्स्नाची दमछाक झाली. वर मोहाचं झाड होतं, खाली पानगळ, आणि पानगळीच्या मधोमध झाडून स्वच्छ केलेला अडीच हात लांबीचा तुकडा. भोवती विटा तिरप्या रोवलेल्या. माती ओली होती. लहान मुलाला जाळत नाहीत, पुरतात. आजोबांनी लिहिलं होतं, इथंच ठेवली.

चंद्रभागाबाई काठीवर भार टाकून दम घेत सांगत होत्या. कंपाउंडर बदलून गेले, त्यांची बायकोही सोबत गेली, मागं ही एकटी राहिली. तिच्यासाठी रडायचीही चोरी, कारण कमल तर जिवंत होती, शाळेत जात होती. तेव्हा रखमा इथं येऊ लागली. ज्या हातांना बोटं नव्हती त्या हातांनी घागर कवटाळून चढ चढायची. या विटा तिनंच कोपरांनी ढकलून बसवल्या. कुणी विचारलं तर म्हणायची, माझी पोर हिच्या ताटात जेवते, हिच्या अंथरुणात झोपते. मग हिला कोण आहे? ऊन वाढलं की दिवसातून दोनदा पाणी. हिला मात्र ती नावानं हाक मारायची. कमल, म्हणायची. कमल, पाणी घे माय.

कमलबाई खाली बसल्या. त्यांनी विटांवरून हात फिरवला. एक वीट सैल झाली होती, ती माती दाबून घट्ट केली. ज्योत्स्ना दोन पावलं मागं सरली. आई काहीतरी बोलत होती, अगदी हळू, आणि ते तिच्यासाठी नव्हतं.

ऊन कलू लागलं. चंद्रभागाबाईंचे पाय थरथरत होते, तरी त्या बसायला तयार नव्हत्या. बसले तर उठवत नाही, म्हणाल्या. रखमा गेल्यापासून पाणी त्याच घालत आल्या होत्या. आता चढ होत नाही. नर्सला रोज गळ घालावी लागते, आणि नर्सची बदली होणार आहे.

"माह्या मांगून कोन हाय हिले?" त्यांनी विचारलं.

कमलबाईंनी मातीचे हात पदराला पुसले आणि वर पाहिलं.

"मी आहे," त्या म्हणाल्या.